पोकळ टिंब

"पोकळ टिंब म्हणजे काय हो बाई?"

विचारणारा माणूस माझ्या टेबलापुढे उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, आणि मागे आणखी चौघं. वाचनालयात अशी माणसं घोळक्यानं आली की मी आधी त्यांच्या पायांकडे बघते. पाचही जणांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. म्हणजे भांडायला आले असले तरी रीतीनं आले होते.

"कुठलं टिंब?" मी विचारलं.

त्यानं सोळा पानांचा एक छापील नमुना माझ्यापुढे पसरला. एका ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. ओळ वाचायची मला गरज नव्हती, माझीच होती ती.

'सटवाजी हिरडे ○ वाघरगडचा गोलंदाज. खंड चौथा. तडकलेल्या तोफेला ओल्या कातड्याच्या वाद्या आवळून अकरा बार काढले व तोफेशीच पडला.'

"मी आनंदराव हिरडे. हिरडगावचा सरपंच," तो म्हणाला. "आणि हे सटवाजी हिरडे आमचे मूळपुरुष. त्यांच्या नावापुढं तुम्ही हे भोक पाडलंय, ते कशासाठी?"

मागचा एक जण हसला. सरपंचानं वळून बघितलं तसा गप्प झाला.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी कुमुद गरुड, साताऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयाची ग्रंथपाल. दिनकरराव टेंबे यांची 'बत्तीवाले' ही मराठ्यांच्या तोफखान्यावरची नऊ खंडांची कादंबरीमाला तेव्हा घराघरात होती. नऊ खंड, साडेचार हजार पानं, चौदाशे माणसं. वाचक तिसऱ्या खंडातला हवालदार सातव्यात भेटला की ओळखायचे नाहीत, आणि माझ्याकडे विचारायला यायचे. मला सगळे पाठ. शेवटी टेंबे सरांच्या प्रकाशकांनीच मला गळ घातली, की बाई, याचा एक 'वाचकांचा सोबती' तयार करा. कोण माणूस कुठल्या खंडात येतो, कुठली तोफ कुठे होती, गड, नकाशे, तारखा, सगळं. मी हो म्हटलं. हे काम माझ्याइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकलं नसतं, हे मला ठाऊक होतं. उगाच विनय कशाला दाखवू?

टिंबांची कल्पना माझीच. वाचकांचा कायमचा प्रश्न, यातलं खरं कोण आणि लेखकाच्या मनातलं कोण? मी ठरवलं, ज्याचा जुन्या कागदात पुरावा आहे त्याच्यापुढे भरीव टिंब, जो सरांनी कल्पनेनं उभा केला त्याच्यापुढे पोकळ. प्रकाशकांनी आगाऊ नोंदणीसाठी 'स' अक्षराचा नमुना छापून वाटला आणि तो नेमका हिरडगावला पोचला.

"पोकळ म्हणजे काल्पनिक," मी सरळ सांगून टाकलं.

आनंदरावांचा चेहरा पडला. खरं सांगते, तो मनुष्य आरडाओरडा करील म्हणून मी तयारीत होते. तो खुर्ची ओढून खाली बसला.

"बाई, गावाच्या वेशीवर कमान बांधलीय आम्ही. 'वीर सटवाजी हिरडे प्रवेशद्वार.' वर्गणी काढून. चैत्र वद्य पंचमीला तोफेचा उत्सव असतो, त्या दिवशी उद्घाटन आहे. आमदार येणार आहेत. आता लोक काय म्हणतील? ह्यांचा बाप पुस्तकातला?"

"मी त्याला काय करणार? सरांनी स्वतः सांगितलंय मला."

"मग सरांना पुन्हा विचारा. आणि पंचमीला गावात या. आमची तोफ बघा, रीत बघा. मग काढा की टिंब. पोकळ काढायचं तर पोकळ काढा, पण बघून काढा."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. न बघता मी काही लिहिलंय असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

---

गुरुवारी कार्डांचा डबा घेऊन मी टेंबे सरांकडे जात असे. सर तेव्हा ऐंशी पार केलेले. डोळे अधू झालेले, आवाज मात्र खणखणीत. आरामखुर्चीत बसून ते माझी कार्डं ऐकायचे आणि 'पुढं' म्हणायचे.

"सर, सटवाजी हिरडे," मी म्हटलं.

"माझा."

"शंभर टक्के?"

"एकशे एक टक्के. दाढी करताना सुचला. गालावर साबण तसाच ठेवून लिहायला बसलो होतो. आमच्या सौभाग्यवती होत्या तेव्हा, त्या साक्षीदार."

"आणि ते तोफेला ओलं कातडं बांधणं?"

"तेही सुचलं. का?"

"हिरडगावचे लोक आले होते. मूळपुरुष आहे म्हणतात."

सर खो-खो हसले. "अहो, मला आजवर अकरा पत्रं आलीत, मी रचलेल्या माणसांच्या वंशजांची! एकानं तर वाटणीचा दावा लावायला निघालो म्हणून लिहिलं होतं. कादंबरीकाराचं यश आहे हे, गरुडबाई. पुढं!"

मी पुढचं कार्ड काढलं. पण सरपंचाचं वाक्य काही केल्या जाईना. म्हटलं, ठीक आहे, जाऊन येऊ. बघून येऊ आणि तोंडावर सांगून येऊ, की तुमचा सटवाजी पोकळच आहे. मला असलं सांगायला भीती वाटत नाही.

---

पंचमीला सकाळच्या एसटीनं मी हिरडगावला उतरले. कमान चांगली दणकट होती, वर सिमेंटची तोफ, तिला पिवळा रंग. आनंदरावांनी नारळ, खण देऊन माझा सत्कार केला. "बाई टिंब बघायला आल्यात," असं त्यांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर करून टाकलं. लोकांना काहीच कळलं नाही, पण टाळ्या वाजल्या.

तोफ मात्र खरी होती. देवळापुढे तीन पायऱ्यांचा दगडी चौथरा, त्यावर आडवी ठेवलेली, माणसाच्या लांबीची, लोखंडी, मधोमध बोट जाईल एवढी भेग पडलेली. भेगेच्या जागी गेल्या सालची कातडी वादी आवळून बांधलेली होती, वाळून लाकडासारखी टणक झालेली.

आनंदराव चौथऱ्यावर चढले. त्यांनी कोयत्यानं जुनी वादी कापली, गाठ वेगळी काढली. मग खाली बघून म्हणाले, "मावशी, द्या."

तेव्हा मला ती बाई दिसली. सत्तरीची, काळीसावळी, ताठ. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चौथऱ्याच्या खालच्या पायरीपाशी ती घमेलं घेऊन उभी होती. घमेल्यात पाण्यात भिजलेली नवी वादी होती. तिनं ती निथळून वर धरली. सरपंचानं वाकून घेतली आणि तोफेभोवती गुंडाळायला सुरुवात केली.

"डावीकडनं, आनंदा," बाई खालून म्हणाली.

"डावीकडूनच घेतोय."

"ती उजवी झाली. दरसाली सांगावं लागतंय तुला. आन् वढ जरा, जेवला न्हाईस का? ऊन लागलं की आपसुक आवळंल, पर आधी वढाय पायजे."

लोक हसले. सरपंचानं निमूट सोडून पुन्हा डावीकडून घेतली. मी बघत होते. भेगेवर कातडं कसं बसवायचं, पीळ कुठे द्यायचा, गाठ कुठे यायला हवी, हे सगळं ती बाई खालून सांगत होती आणि वरचा माणूस ऐकत होता.

कापलेली जुनी गाठ सरपंचानं तिच्या ओंजळीत टाकली. तिनं ती पदरात बांधली आणि आमदारांचं भाषण सुरू व्हायच्या आत घमेलं उचलून चालायला लागली.

"ह्या कोण?" मी आनंदरावांना विचारलं.

"पारूबाई खंदारे. चर्मकार आळीतल्या. वादीचा मान त्यांच्या घराचा. जुनी गाठपण त्यांच्याकडंच जाते. रीत आहे."

"किती वर्षांची रीत?"

"पुस्तक आल्यापासून उत्सव मोठा झाला बघा. आधी बारीक व्हायचा."

"आधी? म्हणजे पुस्तकाच्या आधीही वादी बांधत होता?"

"बांधायचे की. माझा आजा बांधायचा."

मी तशीच उठले. आमदार बोलत होते, त्यांच्यासमोरून गेले. दाढी करताना सुचलं म्हणे!

---

पारूबाईंचं घर आळीच्या टोकाला होतं. बाहेर सारवलेला वट्टा. मी गेले तेव्हा त्या पदरातली गाठ सोडत होत्या.

"या बाई. टिंबवाल्या न्हवं तुमी? बसा."

मी वट्ट्यावर बसले. त्यांनी चहा टाकला. मी विचारलं, "मावशी, या जुन्या गाठींचं काय करता?"

त्या मला आत घेऊन गेल्या. देव्हाऱ्याच्या वर, आढ्याच्या खुंटीला, सुतळीत ओवलेल्या माळा टांगलेल्या होत्या. आधी मला वाटलं, आमसुलं किंवा कसल्या वाळलेल्या बिया असाव्यात. गाठी होत्या त्या. धुरानं काळ्या झालेल्या, कातड्याच्या, मुठीएवढ्या. एक माळ, दुसरी, तिसरी. अगदी मागच्या माळेतल्या गाठी उंदरांनी कुरतडलेल्या, अर्ध्यामुर्ध्या.

"मोजू का?" मी विचारलं.

"मोजा की. शाळेत न्हाई गेलो आमी, पर ह्या येवड्या मोजायला येत्यात मला. तुमी मोजा, मग मी सांगते."

मी दोनदा मोजल्या. एकशे बारा. उंदरांनी खाल्लेल्या सोडून.

"बरोबर," पारूबाई म्हणाल्या. "आजची धरून एकशे तेरा."

चौथा खंड एकाहत्तर साली निघाला होता. पंचवीस वर्षं. मी त्या माळांखाली उभी राहिले आणि माझे कान तापले. भरीव टिंब द्यायला मी तीन-तीन कागद मागत होते. पोकळ टिंब द्यायला मात्र लेखकाचा एक शब्द मला पुरला होता. चौदाशे कार्डं केली मी, आणि या बाजूनं एकदाही विचार केला नव्हता.

बाहेर येऊन चहा घेतला. पारूबाईंनी मग न विचारताच सांगायला घेतलं.

"त्यो तोफवाला सटवाजी न्हवं बाई. येसा त्याचं नाव. येसा खंदारे. आमचा. गडावर पाण्याच्या पखाली, वाद्या शिवायला ठिवला हुता त्याला. गोलंदाज मेलं, तोफ तडकली, बाकीचं पळालं. ह्यानं पखालीचं वलं कातडं फाडलं, ह्याच तोफंला बांधलं, उन्हात वाळू दिलं आन् बत्ती दिली. आता अकरा येळा दिली का तीनदा, ते काय मी बघाय नव्हते. पर बांधलं त्यानं. कातडं बांधायचं दुसऱ्या कुणाला ठावं असणार सांगा?"

"मग वादी सरपंच का बांधतात?"

"द्यायची आमी, बांधायची त्यांनी. पाटलाचं घर. चवथऱ्यावर आमी कवा चढत नव्हतो. आता कोण अडवत न्हाई, पर पाय उचलत न्हाई वो."

मी विचारलं, "हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं?"

"सांगितलं की! तुमच्या त्या टेंबे मास्तरला. गोरापान, चष्मा हुता. सदुसष्ट सालचा भूकंप झाला न्हवं कोयनंचा, त्याच्या फुडचा उन्हाळा. दोन दिस ह्याच वट्ट्यावर बसून सगळं लिवून घेतलं. जेवला पाटलाकडं, गोष्ट न्हेली माझ्याकडनं. मी च्या ठिवला तर म्हनला, आत्ताच झालाय. म्हनलं, ऱ्हाऊ दे. जाताना म्हनला, पारूबाई, येसाचं नाव बुकात येनार. गावात सांगत फिरले मी."

"आणि?"

"तीन वर्सानी बुक आलं. देवळात शाळामास्तर वाचाय बसला, सात दिस. मी रोज जायचे. भायेर बसायचे, खांबाला टेकून. तोफ आली, कातडं आलं, मी सांगितलेलं समदं आलं. म्हनलं, आता येसा येतोय. सातव्या दिशी बुकातला तोफवाला मेला तवा कळलं, येसा यायचाच न्हाई. त्याच्या जागी सटवाजी हिरडे हुता."

त्यांचा आवाज हलला नाही. माझे डोळे भरले. मी चहाची कपबशी खाली ठेवली.

"मावशी, तुम्हाला काय हवंय?"

"मला काय पायजे? कमान नको. माझा ल्योक भोसरीला कंपनीत हाय. माझ्यामागं वादी कोण भिजवंल, ठावं न्हाई. गाठी उंदीर खातील. मग येसा कुनाच्या ध्यानात ऱ्हानार? बुकात हाय तेच लोक खरं मानत्यात. तुमी बुक करताय म्हनं. एक वळ लिवा." त्यांनी पदरातली त्या सालची गाठ माझ्या हातात ठेवली. "आन् ही मास्तरला दावा. इसरला असंल तर आठवंल."

---

गुरुवारची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच टेंबे सरांकडे गेले आणि काही न बोलता ती गाठ त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती चाचपली. नाकाशी नेली.

"पंचमी झाली वाटतं," ते म्हणाले.

"काल झाली. दाढी करताना सुचला होता नाही का?"

"गरुडबाई, आवाज चढवू नका."

"चढवणार. सर, मी चार वेळा नऊ खंड वाचलेत. तुमच्या एकेका ओळीसाठी लोकांशी भांडलेय. आणि तुम्ही मला कार्डावर खोटं लिहायला लावलंत. माझ्या अक्षरात."

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "वरचा कप्पा. सात नंबरची वही."

वहीला वाळवी लागली नव्हती, हे नशीबच. मी पान काढून मोठ्यानं वाचलं. 'एप्रिल १९६८. मु. हिरडगाव. सांगणार पारूबाई खंदारे. येसा खंदारे, वाद्या-पखाली शिवणारा.' पुढे अकरा पानं. तोफ, भेग, ओलं कातडं, ऊन. सगळं जसंच्या तसं.

"नाव का बदललंत?"

"पहिल्या खर्ड्यात येसाच होता. शंभर पानं लिहिली होती." सर गाठ या हातातून त्या हातात घेत होते. "मग एका दिवशी वाटलं, वाचक म्हणतील, पखाली शिवणारा तोफ डागतो? पाटलाचं आडनाव लावलं की कुणी काही विचारत नाही. पाटलांकडे दोन दिवस जेवलोही होतो."

"हरकत कुणी घेतली होती?"

"कुणीच नाही. कुणाला दाखवलंच नव्हतं." मग हळूच म्हणाले, "हरकत मीच घेतली. नऊ खंड शौर्यावर लिहिले, गरुडबाई, आणि एका नावाला भ्यालो. पुढं पुढं मलाच खरं वाटायला लागलं, की सुचलं होतं म्हणून."

मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं. मी डब्यातून कोरं कार्ड काढलं.

"लिहितेय. येसा खंदारे."

"तो माझ्या नऊ खंडांत नाही. सोबतीत कसा घालणार?"

"कादंबऱ्या तुमच्या. सोबती माझा आहे. नाही घालायचा तर मुखपृष्ठावरचं माझं नाव काढा आणि ही चौदाशे कार्डं मी घरी घेऊन जाते."

सरांनी मान हलवली. "घाला. सांगतो, लिहा. 'सटवाजी हिरडे ह्या पात्राचा मूळ पुरुष. लेखकानं काही कारणास्तव नाव बदललं.'"

माझं पेन थांबलं. "कोणत्या कारणास्तव?"

"गरुडबाई..."

"चौदाशे नोंदींत एकदाही 'काही कारणास्तव' लिहिलेलं नाही मी. कारण सांगा, नाहीतर तशी जागा सोडते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तरी.

"भीतीपोटी," ते म्हणाले. "लिहा. 'लेखकानं भीतीपोटी नाव बदललं.'"

लिहिलं.

"आणि टिंब?" त्यांनी विचारलं. "भरीव टिंबाला कागद लागतो. तुमचाच नियम. कागद कुठे आहे?"

"एकशे तेरा गाठी आहेत. एकशे बारा मी स्वतः मोजल्यात, एक तुमच्या हातात आहे. कातडं चालेल."

मी टिंब काढलं आणि शाईनं भरलं. चांगलं गच्च भरलं.

---

प्रकाशकांनी फोनवर अर्धा तास हुज्जत घातली, मी पाऊण तास घातली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सोबती बाहेर पडला. पंधरा दिवसांनी हिरडगावहून आनंदरावांचा फोन आला.

"बाई, 'स' वाचलं. पोकळ ते पोकळच ठेवलंत."

"हो."

"आणि 'य'सुद्धा वाचलं."

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"कमान पाडू का काय करू?"

"पाडताय कशाला? सटवाजीची आहे, असू दे. कादंबरीतला असला तरी चांगला माणूस आहे तो."

"गावात दोन तट पडतील, बाई. आमच्या भावकीतले दोघं तर बोलायचे बंद झालेत माझ्याशी. पारूमावशी डोळ्यांसमोर येतात, मला कळतं सगळं. माझा आजा सांगायचा थोडंथोडं, आम्ही कानाआड करायचो." मग एकदम म्हणाले, "पंचमीला तुम्हीच येऊन वाचा देवळात. मला नाही जमायचं ते."

टेंबे सरांना सांगितलं तर म्हणाले, मीपण येणार. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. सरांनी डॉक्टरांना चौथ्या खंडातला एक उतारा म्हणून दाखवला आणि जीप मागवली.

गावात उतरल्यावर ते देवळाकडे वळलेच नाहीत. माझा हात धरून चर्मकार आळीत गेले, पारूबाईंच्या वट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "पारूबाई, मी टेंबे. चहा मिळेल का?"

पारूबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

"एकोणतीस वर्सं झाली ठिवून," त्या म्हणाल्या. "निवला असंल की वो."

पारूबाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या, वाफाळता. सरांनी तो बशीत न ओतता तोंड भाजेपर्यंत प्यायला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. मला वाटतं, मागायला हवी होती. पण ते त्या दोघांचं होतं, मी मध्ये पडले नाही.

देवळापुढे सगळं गाव जमलं होतं. हिरड्यांची भावकी एका अंगाला, तोंडं आवळून. पारूबाई नेहमीसारख्या खालच्या पायरीपाशी, घमेलं घेऊन. मी पुस्तक उघडलं तसा भावकीतला एक जण ओरडला, "बाई, सटवाजींचं तेवढं वाचा. बाकीचं नको."

"वाचते. पण 'य' आधी येतो, 'स' नंतर. बाराखडी मी केलेली नाही."

हसू फुटलं. त्या हशातच मी वाचायला घेतलं.

"येसा खंदारे. भरीव टिंब. वाघरगडावर वाद्या-पखाली शिवणारा. तडकलेल्या तोफेला ओलं कातडं बांधून बत्ती देणारा हाच. खंड चौथा यातील सटवाजी हिरडे या पात्राचा मूळ पुरुष. लेखकानं भीतीपोटी नाव बदललं. पुरावा, हिरडगावी खंदारे यांच्या घरी दरवर्षाच्या वादीच्या एकशे तेरा गाठी. सांगणार, पारूबाई खंदारे."

हशा कुठल्या कुठे गेला. मी पान उलटून सटवाजीही वाचला, ठरल्याप्रमाणे, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे पारूबाईंकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"पयलं पुन्यांदा वाचा. नुसतं नाव."

"येसा खंदारे," मी वाचलं. "भरीव टिंब."

त्यांनी मान हलवली. रडतील असं मला वाटलं होतं. रडले मीच, आणि भर देवळात नाक शिंकरावं लागलं.

आनंदराव चौथऱ्यावर चढले. जुनी वादी कापली. खाली वाकून नवी घेतली आणि तोफेभोवती गुंडाळायला लागले. माणूस गडबडलेला होता. वादी उजवीकडून गेली.

पारूबाईंनी घमेलं खाली ठेवलं. लुगड्याचा ओचा खोचला. पहिली पायरी चढल्या, दुसरी चढल्या. भावकीतलं कुणीतरी हललं. टेंबे सरांनी माझा दंड घट्ट धरला. "काय चाललंय? सांगा ना, काय चाललंय?" ते विचारत होते.

तिसरी पायरी चढून पारूबाई तोफेपाशी गेल्या आणि सरपंचाच्या हातातून वादी काढून घेतली.

"सर बाजूला, आनंदा," त्या म्हणाल्या. "दरसाली चुकतोस."

आनंदराव बाजूला सरले.